लोणी कोणाचे?

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय काय, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी "लोणी आणि चीज" एवढेच सांगितले. त्यामुळे काही जणी वही-पेन्सिल घेऊन आलेल्या मला दिसताहेत. त्यांना सर्वस्वी निराश करण्याचा माझा विचार नाही. कृतीही ओघाने येईलच. परंतु ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. मला आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. घरात जे लोणी निघते ते कोणाचे? गाय कोणाची, शेत कोणाचे, हे सरकारी कागदावर लिहिलेले असते. दूध मात्र बाई काढते, विरजण ती लावते, रवी ती फिरवते. मग लोण्याचा पैसा येतो तो कोणाच्या हाती?

हा प्रश्न माझ्या मनात आला तो आपल्या गावात नव्हे, दूर आयर्लंडमध्ये. माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त तिथल्या कॉर्क शहरी राहतात. त्यांच्याकडे दोनदा जाऊन राहण्याचा योग आला. त्या शहराच्या शॅन्डन नावाच्या भागात लोण्याचे एक संग्रहालय आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारींची संग्रहालये आपण पुष्कळ पाहिली. रव्या, डेरे आणि लोण्याची पिंपे मांडून ठेवलेले संग्रहालय मी प्रथमच पाहिले. तिथे दलदलीच्या मातीतून वर काढलेले, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे लोण्याचे भांडेही ठेवलेले आहे. पूर्वीचे लोक लोणी टिकावे म्हणून अशा ओल्या, गार मातीत पुरून ठेवीत.

आयर्लंड हा पावसाचा देश. आपल्याकडे कोकणात चार महिने जशी हिरवळ दिसते, तशी तिथे जवळजवळ बाराही महिने असते. गवत मुबलक, म्हणून गाई मुबलक. गवतातला पिवळा रंग गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतो, म्हणून तिथले लोणी चांगले पिवळेधमक. आपल्या म्हशीचे लोणी पांढरेशुभ्र असते, कारण म्हैस त्या पिवळ्या द्रव्याचे अ जीवनसत्त्व करून टाकते. तेव्हा पिवळे लोणी म्हणजे रंग घातलेले आणि पांढरे तेवढे शुद्ध, हा आपल्यापैकी काहींचा समज सोडून द्यावा.

कॉर्कला १७७० पासून १९२४ पर्यंत लोण्याचा मोठा बाजार होता. त्याच्या भरभराटीच्या काळात तो जगातला सर्वांत मोठा लोण्याचा बाजार गणला जाई. केरीच्या डोंगराळ मुलखातून कॉर्ककडे येणारे रस्तेच मुळी लोण्याचे रस्ते म्हणून ओळखले जात. खारवलेले लोणी लाकडी पिंपांत दाबून भरायचे. एका पिंपात साधारण ५६ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो लोणी मावे. पिंपे गाडीवर लादायची आणि कित्येक मैल चालत शहर गाठायचे. बाजारात परीक्षक एक लांब पोकळ हत्यार पिंपात खुपसून तळापर्यंतचे लोणी काढून पाहात, वास घेत, चव घेत आणि त्याची प्रत ठरवून पिंपावर छाप मारीत. वर चांगले लोणी आणि खाली जुनेपुराणे, अशी लबाडी तिथे चालत नसे. मग ते लोणी जहाजांवर चढून इंग्लंडला आणि पार वेस्ट इंडीजपर्यंत जाई.

आता हे लोणी होत कसे होते ते सांगते. आपण दूध तापवतो, साय काढतो किंवा सगळ्याच दुधाला विरजण लावतो आणि दही घुसळतो. तिथल्या बायका दूध न तापवता रुंद, उथळ भांड्यांत गार जागी ठेवीत. एक-दोन दिवसांत साय आपोआप वर येई. ती पळीने काढून एका रांजणात साठवीत. तिथे ती जराशी आंबे. मग उभ्या लाकडी डेऱ्यात घालून दांड्याने वरखाली घुसळायची. लोण्याचे कण दिसू लागले की ताक ओतून टाकायचे, लोणी गार पाण्याने धुवायचे, पाणी निथळेपर्यंत लाकडी फळ्यांनी दाबायचे, मीठ मळायचे आणि पिंपात भरायचे. धुण्यात कसूर झाली तर ताक आत राही आणि लोणी लवकर खवट होई. आपल्याकडेही लोणी दोन-तीन पाण्यांतून काढतात ते याचसाठी. गाईच्या दुधाचे एक किलो लोणी निघायला सुमारे २०-२२ लिटर दूध लागते, म्हशीचे दूध १२-१३ लिटर पुरते. त्यावरून एक पिंप भरायला किती धारा काढाव्या लागत असतील याचा आपणच हिशेब करा.

हे सारे काम बायकांचे होते. पहाटेची धार, साय काढणे, भांडी उकळत्या पाण्याने धुणे, घुसळणे, मळणे, सारे काही. घुसळण चालू असताना पाहुणा दारी आला तर त्यानेही चार हात रवीला लावावेत, नाहीतर लोण्याचे दैव तो घेऊन जातो, असा तिथे समज होता. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातून कोणी विस्तव किंवा दूध मागून नेले तर वर्षभराचे लोणी गेले म्हणत. हे ऐकून मला हसू आले नाही, कारण तिन्हीसांजेला कोणी विरजण मागायला आले तर "उद्या सकाळी न्या हो" म्हणणारी आजी माझ्याही घरी होती. जिथे संसाराचा आधारच दुभते असते, तिथे त्याला दृष्ट लागण्याची भीती सारखीच.

त्या देशाची लाडकी संत ब्रिजिद हिची कथाही दुभत्याचीच आहे. ती लहानपणी धार काढी, लोणी करी आणि दारी आलेल्या गरिबाला ते देऊन टाकी. घरचे माणूस हिशेब मागायला आले की तिने देवाची प्रार्थना करावी आणि रिकामे भांडे पुन्हा लोण्याने भरून यावे. १ फेब्रुवारी हा तिचा सण. २०२३ पासून त्यानिमित्त आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुटी सुरू झाली. त्या देशात एका स्त्रीच्या नावाने सुरू झालेली ही पहिलीच सार्वजनिक सुटी. मला त्या कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मोलाची वाटते. भांडे ब्रिजिदच्या हातात होते, म्हणूनच तिला देता आले. ज्याच्या हाती काही आहे, त्यालाच दानधर्म करता येतो.

तरी त्या काळच्या बाईचे सगळे बरे चालले होते, असे मी म्हणणार नाही. पिंपे घेऊन शहरात जात ते बहुधा पुरुष. आलेल्या पैशातून पुष्कळदा जमीनदाराचा खंड भागे. लोणी बाजारात आणि घरच्यांच्या वाट्याला बटाटे नि ताक, अशीच गरिबाच्या घरची रीत. १८४५ ते १८५२ या वर्षांत बटाट्यावर रोग पडून तिथे भयंकर दुष्काळ झाला. लाखो माणसे अन्नावाचून आणि तापाने मेली. त्या दिवसांतही कॉर्कच्या बंदरातून लोण्याची पिंपे परदेशी जातच होती. ज्या हातांनी लोणी काढले त्या हातांना ते खाता आले नाही. परंतु एवढे खरे की, बाईच्या कसबावाचून पिंप भरत नव्हते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. उरलेसुरले लोणी आणि अंडी जवळच्या दुकानी देऊन मीठमिरची, चहा, पोरांचे कपडे ती आपल्या अखत्यारीत आणी. त्या पैशाचा हिशेब तिला कोणी विचारीत नसे.

पुढे काळ पालटला. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८२ पासून सहकारी दुग्धशाळा काढल्या. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल याने १८७८ साली दुधातून साय वेगळी काढणारे फिरते यंत्र तयार केले होते. दोन दिवसांचे काम त्या यंत्राने घटकाभरात होऊ लागले. डॅनिश लोणी रोज एकाच चवीचे, एकाच रंगाचे. आयरिश लोणी मात्र जितकी घरे तितक्या चवींचे. इंग्लंडच्या बाजारात आयर्लंड मागे पडू लागले. तेव्हा सर होरेस प्लंकेट या गृहस्थांनी सहकाराचा झेंडा हाती घेतला. १८८९ साली लिमरिक परगण्यात ड्रमकॉलोहर येथे पहिली सहकारी क्रीमरी उभी राहिली. क्रीमरी म्हणजे गावोगावचे दूध एकत्र करून यंत्राने साय काढणारा आणि लोणी करणारा कारखाना. १८९४ साली या चळवळीची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली आणि क्रीमऱ्या भराभर वाढल्या.

या चळवळीने शेतकऱ्याचे भले केले, यात शंका नाही. दलालांचा फास सैल झाला. लोण्याची प्रत सुधारली. स्त्रियांच्या दंडांनाही विसावा मिळाला; रोज उठून तासन्‌तास घुसळणे हे काही सुखाचे काम नव्हे. साय काढून उरलेले दूध वासरांसाठी आणि डुकरांसाठी घरी परत मिळे. हे सर्व मान्य करूनच मी पुढचे बोलते आहे.

पूर्वी घरातून लोणी बाहेर पडे, आता दूध बाहेर पडू लागले. सकाळी पुरुष दुधाचे कॅन गाडीत घालून क्रीमरीवर जाई, चार जणांशी गप्पा मारी आणि महिनाअखेर क्रीमरीचा पैसा घेऊन येई. शेत पुरुषाच्या नावे, म्हणून गाई त्याच्या, म्हणून सभासदत्व त्याचे, म्हणून चेकही त्याचा. धार काढायला बाई होतीच. भांडी घासायलाही तीच होती. गेले ते तिचे कसब आणि त्याबरोबर त्या पैशावरचा तिचा शब्द. काही मुली कॉर्कच्या मन्स्टर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून क्रीमऱ्यांत लोणी करण्याच्या नोकरीवर लागल्या, पण घरोघरच्या बायकांच्या मानाने त्या थोड्या. जोआना बर्क या विदुषींनी १८९० ते १९१४ या काळातल्या आयरिश स्त्रियांच्या कामाचा अभ्यास करून १९९३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. शेती-दुभत्यातली कमावती बाई केवळ घरकाम करणारी कशी झाली, हाच त्याचा विषय आहे.

इथे कोणी वाईट हेतूने वागले नव्हते. प्लंकेट हे सज्जन होते. पण चांगल्या सुधारणेतसुद्धा कागदावर नाव कोणाचे लिहायचे हे कोणी थांबून विचारले नाही, तर ते आपोआप पुरुषाचे लिहिले जाते. आयरिश स्त्रियांनी हे ओळखायला फार वेळ लावला नाही. १९१० साली वेक्सफर्ड परगण्यातल्या ब्री या खेड्यात अनिता लेट या बाईंनी पुढाकार घेऊन ग्रामीण स्त्रियांची संघटना काढली. आपल्या मंडळासारखेच ते मंडळ. पुढे १९३५ साली तिचे नाव बदलून 'आयरिश कंट्रीवूमन्स असोसिएशन' झाले. शिवण, विणकाम, पाककला हे सारे त्यांनी केलेच, पण खेड्यात वीज यावी, घरात नळाचे पाणी यावे म्हणूनही त्या झगडल्या. विहिरीवरून बादल्या कोण वाहते हे त्यांना पुरते ठाऊक होते! खेड्यातल्या बायकांनी आपली अंडी, भाजी, केक, लोणी आपल्याच नावाने विकावे म्हणून १९४० नंतरच्या दशकात त्यांनी आठवडी बाजारही सुरू केले.

आता चीजकडे वळते. आयर्लंडमध्ये प्राचीन काळी अनेक तऱ्हांचे चीज होत असे. पुढे लोण्याच्या व्यापारात ते कसब मागे पडले आणि घरोघरी चीज करणाऱ्या बायका जवळजवळ राहिल्याच नाहीत. विसाव्या शतकात चीज म्हणजे कारखान्यातला ठोकळा, एवढीच ओळख राहिली. हे मेलेले कसब पुन्हा जिवंत झाले ते एका बाईमुळे आणि तिच्या एका गाईमुळे.

कॉर्क परगण्याच्या अगदी पश्चिम टोकाला, समुद्रात घुसलेल्या बेअरा नावाच्या डोंगराळ द्वीपकल्पावर वेरॉनिका स्टील राहात असत. त्यांचे यजमान नॉर्मन हे डब्लिनला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी तिथे शेत घेतले आणि एक गाय आणली. तिचे नाव ब्रिस्केट आणि तिला शिंग एकच. गाय भरपूर दूध देई. घरात माणसे थोडी. उरलेल्या दुधाचे करायचे काय, हा प्रत्येक दुभत्याच्या घरचा प्रश्न. १९७० नंतरच्या त्या वर्षांत वेरॉनिकाबाईंनी स्वयंपाकघरात चेडर चीज करून पाहायला सुरुवात केली. कधी जमले, कधी फसले. एकदा यजमान म्हणाले, जरा मऊ चीज करून पाहा की. त्यांनी केले. दमट समुद्री हवेत त्यावर नारिंगी रंगाचे कवच धरले आणि त्या मातीचे, त्या हवेचे असे एक नवेच चीज तयार झाले. त्यांच्या वाडीच्या नावावरून त्याला 'मिलीन्स' म्हणू लागले. जवळच्या स्नीम गावच्या एका उपाहारगृहात ते ठेवले गेले. तिथे ते मर्टल ॲलन यांच्या खाण्यात आले. मर्टलबाई म्हणजे कॉर्कजवळच्या बॅलीमलू येथे १९६४ पासून आपल्या शेतघरात उत्तम भोजनगृह चालवणाऱ्या नामांकित सुगरण. त्यांच्यासारख्या जाणत्या लोकांनी वाखाणले आणि मिलीन्सचे नाव झाले.

वही आणलेल्या भगिनींसाठी कृती थोडक्यात सांगते. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो आणि दूध एकदम फाडतो. चीजला दूध फाडायचे नसते, बसवायचे असते. कोमट दुधात आधी विरजण घालतात, त्याने आंबटपणा हळूहळू वाढतो. मग रेनेट नावाचे मुरवण घालतात. हे पूर्वी वासराच्या जठरातून काढीत. आता सूक्ष्म जीवांपासून तयार केलेले शाकाहारी मुरवणही मिळते. शाकाहारी मंडळींनी चीज घेताना वेष्टनावरची हिरवी खूण पाहावी. तासाभरात दूध खरवसासारखे घट्ट बसते. मग लांब सुरीने त्याचे तुकडे कापतात, की पिवळसर निवळी सुटू लागते. ते तुकडे भोकाभोकांच्या साच्यांत भरतात, उलटसुलट करीत निथळू देतात, मीठ लावतात आणि थंड, ओलसर खोलीत फळ्यांवर ठेवतात. मिलीन्सच्या जातीचे चीज असेल तर त्याची पाठ वरचेवर मिठाच्या पाण्याने पुसावी लागते. त्या मीठपाण्यात वाढणारे जीवाणू नारिंगी कवच धरतात आणि वासही तेच देतात. वास उग्र असतो हे खरे. पण आपल्या सुकटीला नाक मुरडणारा परदेशी माणूस आणि चीजला नाक मुरडणाऱ्या आपण, यांत मला फारसा फरक दिसत नाही. दहा लिटर दुधात सुमारे एक किलो चीज होते. हे सारे घरी करून पाहावेसे कोणाला वाटले तर दूध आधी तापवून मगच घ्यावे. कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग येतात, आणि गरोदर बाईने तर कच्च्या दुधाच्या किंवा मऊ, पाठ पुसलेल्या चीजच्या वाटेस जाऊच नये.

या कृतीत बुद्धिमत्तेपेक्षाही लागते ते लक्ष. आज हवा दमट आहे की कोरडी, गाय नुकती व्यालेली आहे की आटत आलेली, गवत कोवळे की जून, यावर दूध रोज बदलते. कारखाना हजारो घरचे दूध एकत्र करून हा फरक पुसून टाकतो. हाताने चीज करणारी बाई तो फरक ओळखून त्याप्रमाणे हात चालवते. आपल्यापैकी जिला विरजणाची वेळ थंडीत आणि उन्हाळ्यात वेगळी ठेवावी लागते, तिला हे मी वेगळे समजावून सांगायला नको.

वेरॉनिकाबाईंची जी गोष्ट मला सर्वांत थोर वाटते ती अशी, की त्यांनी आपले कसब कुलूपबंद ठेवले नाही. शेजारपाजारी, येईल त्याला शिकवले. त्याच सुमारास, १९७९ साली जेफा गिल यांनी 'डरस' आणि जियाना फर्ग्युसन यांनी यजमानांसह 'गबीन' हे चीज सुरू केले. हॉलंडहून येऊन राहिलेल्या हेलेन विलेम्स यांनी आपल्या माहेरच्या पद्धतीने 'कूलिया' केले. मेरी बर्न्स यांचे 'आर्ड्राहन' पुढे आले. या साऱ्या एकाच परगण्यातल्या. एका गाईच्या उरलेल्या दुधापासून सुरू झालेले काम १९८३ साली घरगुती चीज करणाऱ्यांची संघटना निघण्यापर्यंत पोचले, आणि तिच्या उभारणीत वेरॉनिकाबाई होत्याच. २०१७ साली त्या वारल्या. त्याच्या आधीच त्यांच्या मुलाने ते काम हाती घेतले होते.

लोणी आणि चीज या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १८८९ नंतर लोणी घराबाहेर गेले, कारखान्यात गेले. १९६२ पासून आयरिश लोणी 'केरीगोल्ड' या नावाने देशोदेशी जाऊ लागले. नाव मोठे झाले, आणि ते घुसळणाऱ्या बाईचे नाव कुठेच राहिले नाही. शंभर वर्षांनी काही बायकांनी चीज करून तेच दुभते पुन्हा घरात आणले. या वेळी चीज आणि ते करणाऱ्या बाईचे नाव अशी जोडीने ओळख झाली. दोन्ही वेळा गाय तीच, गवत तेच, कष्ट करणारे हातही बायकांचेच. फरक पडला तो नाव आणि हिशेब कोणाकडे राहिला याने.

आता आपल्याकडे या. आपल्या गौळणींत गोपी डोक्यावर माठ घेऊन मथुरेच्या बाजारी निघते. ती स्वतः निघते हे लक्षात घ्या. दही-लोणी तिने केलेले, विकायला तीच जाणार. हा आपला जुना संस्कार आहे. १९४६ साली गुजरातेत खेडा जिल्ह्याचा दूध संघ निघाला, तोच पुढे 'अमूल' म्हणून नावारूपाला आला. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रातही गावोगाव सहकारी दूध संस्था वाढल्या. त्यांनी कित्येक संसार उभे केले. पण आपल्या गावच्या दूध संस्थेच्या सभासदांची यादी उघडून पाहा. धार काढणारी, वैरण आणणारी, शेण भरणारी बाई घरोघर आहे. यादीत मात्र तिच्या नवऱ्याचे, सासऱ्याचे, दिराचे नाव. ड्रमकॉलोहरला जे घडले ते आपल्या पारावर घडायला कोणी शत्रू यावा लागला नाही.

हे बदलता येते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करून दिला. २०१४ साली आंध्र प्रदेशात तिरुपती-चित्तूरकडच्या दूध उत्पादक स्त्रियांनी 'श्रीजा' नावाची स्वतःची कंपनी उभारली. तिच्या भागधारक बायकाच. म्हणजे दूध घालणारी, मालकीण आणि पैसे घेणारी एकच.

म्हणून वर्धापनदिनाच्या या प्रसंगी मंडळाने तीन कामे मनावर घ्यावीत, अशी माझी विनंती आहे.

पहिले काम असे. आपल्या सभासदांपैकी आणि आपल्या ओळखीच्या बायकांपैकी ज्यांच्या घरी दुभते आहे, त्यांनी दूध संस्थेत आपले नाव लागावे म्हणून अर्ज करावा आणि दुधाचे पैसे आपल्या खात्यात जमा करून घ्यावेत. अर्ज कसा लिहायचा, कागद कोणते लागतात, हे ज्यांना अडते त्यांच्यासोबत मंडळातली एक शिकलेली बाई कचेरीत जाईल, असे ठरवू या. नवऱ्याशी भांडण काढण्याचे हे काम नव्हे. घरात शांतपणे सांगता येते की, अहो, जनावराला मी पाहते, तर पावतीवरही मीच असू द्या.

दुसरे काम असे. दिवाळीपूर्वी मंडळ फराळाची विक्री करतेच. त्यात या वर्षी घरच्या लोणकढ्या तुपाला जागा द्यावी, आणि प्रत्येक बरणीवर ते कढवणाऱ्या बाईचे नाव लिहावे. "मंडळाचे तूप" एवढेच लिहू नये. तूप कोणाचे खमंग, कोणाची बेरी जळते, हे गिऱ्हाईकाला कळू द्या. नाव लिहिले की हातही जपून चालतो.

तिसरे काम वेरॉनिकाबाईंकडून शिकण्यासारखे आहे. ज्या वडीलधाऱ्या बायकांना उत्तम लोणी, तूप, खरवस, चक्का येतो, त्यांनी महिन्यातून एक दुपार मंडळात येऊन तरुण मुलींना शिकवावे. "आमच्या घरची रीत आहे, सांगत नाही" असे म्हणू नये. मनात धरून ठेवलेली कृती तिच्याबरोबरच जाते. चार जणींना दिलेली मात्र चाळीस घरांत राहते.

शहरात राहणाऱ्या आणि पिशवीतले दूध घेणाऱ्या भगिनी म्हणतील, आमचा याच्याशी काय संबंध? त्यांचा संबंध विकत घेण्याचा आहे. बाजारात दारोदार लोण्याचे गोळे घेऊन येणाऱ्या बाईशी आपण आठ आण्यांवरून जशी घासाघीस करतो, तशी दुकानातल्या छापील वेष्टनाशी कधी करीत नाही. तिच्याकडून घेताना भाव खुशाल विचारा, लोणी चाखूनही पाहा, पण हातच्या कष्टाचा भाव पाडू नका. आणि पैसे तिच्याच हातावर ठेवा.

मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मी आपल्याला सांगितले आहे. मंडळ आपल्या पुढच्या वर्षाच्या अहवालात किती जणींची नावे दूध संस्थेच्या यादीत लागली, हा आकडा छापू शकले, तर आजच्या माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन. पहिल्या वर्षी तो दोन असला तरी चालेल.